डेबियनच्या टॉमकॅट पॅकेजला निरीक्षण साधने जोडताना: एक प्रकरण अभ्यास

एका शैक्षणिक संस्थेची ऑनलाइन प्रवेश-अर्ज प्रणाली हे या प्रकरणाचे केंद्र आहे. जावा सर्व्हलेट आणि जेएसपी (जावामध्ये वेब प्रणाली लिहिण्याच्या पद्धती) यांवर बांधलेली ही प्रणाली अपाचे प्रकल्पाकडून थेट उतरवलेल्या टॉमकॅट ९ या जावा वेब सर्व्हरवर चालत होती. टारबॉल, म्हणजे फाइलींचा एकत्र गठ्ठा, '/ऑप्ट' खाली उलगडलेला होता आणि तो चालवण्यासाठी सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची, हाताने लिहिलेली एक छोटी युनिट फाइल होती. निरीक्षणाची जवळपास सगळी जोडणी एकाच ठिकाणी, 'बिन' डिरेक्टरीतील 'सेटएन्व्ह.एसएच' या फाइलमध्ये होती: प्रोमिथियस या आकडे गोळा करणाऱ्या निरीक्षण प्रणालीसाठी जेएमएक्स एक्सपोर्टरचा जावाएजंट (जावा प्रोसेसच्या आत राहून तिचे आकडे बाहेर देणारा घटक), मेमरी संपल्यास हीप डंप (त्या क्षणीच्या मेमरीची फाइल) काढण्याची सूचना आणि तो डंप ठेवण्याचा पत्ता. याशिवाय नागिऑस या निरीक्षण साधनाच्या धाटणीची एक तपासणी 'कॅटलिना.आउट' ही लॉग फाइल ठरावीक अंतराने वाचत असे आणि तिच्यात 'आउटऑफमेमरीएरर' आढळला की इशारा पाठवत असे.

टारबॉल सोडून डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजकडे जाण्याचा निर्णय सुरक्षेच्या कारणाने झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये 'घोस्टकॅट' या नावाने गाजलेली सीव्हीई-२०२०-१९३८ ही त्रुटी उघड झाली. टॉमकॅटचा एजेपी कनेक्टर, म्हणजे पुढच्या वेब सर्व्हरशी बोलण्याचे त्याचे दार, तोवर ८००९ पोर्टवर आपोआप उघडा असे आणि त्यातून वेब अॅप्लिकेशनच्या आतील फाइली बाहेरून वाचता येत. ९.०.३१ या आवृत्तीत दुरुस्ती आली, परंतु टारबॉल वापरणाऱ्याला ती बातमी स्वतः कळून स्वतःच आवृत्ती बदलावी लागते. पॅकेज असले की हीच दुरुस्ती एप्ट या पॅकेज-साधनाच्या नेहमीच्या सुरक्षा-अद्ययावतीकरणातून येते. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ११ वरील 'टॉमकॅट९' हे पॅकेज आणि त्यासोबतचे ओपनजेडीके ११ निवडले गेले. निर्णय योग्यच होता. मात्र पॅकेज म्हणजे तोच टारबॉल वेगळ्या डिरेक्टरीत, असे गृहीत धरून जुनी निरीक्षण-व्यवस्था जशीच्या तशी हलवायचे ठरले होते, आणि अडचणी तिथून सुरू झाल्या.

डेबियनचे पॅकेज टॉमकॅटचे दोन भाग करते. प्रोग्रामचा न बदलणारा भाग, म्हणजे 'कॅटलिना_होम', '/यूएसआर/शेअर/टॉमकॅट९' मध्ये असतो आणि चालू सर्व्हरचा भाग, म्हणजे 'कॅटलिना_बेस', '/व्हार/लिब/टॉमकॅट९' मध्ये असतो. या दुसऱ्या डिरेक्टरीतील 'कॉन्फ', 'लॉग्स' आणि 'वर्क' या प्रत्यक्षात '/ईटीसी', '/व्हार/लॉग' आणि '/व्हार/कॅश' यांच्याकडे जाणाऱ्या सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, आहेत. सर्व्हर 'टॉमकॅट' नावाच्या वापरकर्त्याच्या हक्काने चालतो. डेबियन ९ मधील 'टॉमकॅट८' पॅकेजात याच वापरकर्त्याचे नाव 'टॉमकॅट८' होते, त्यामुळे वापरकर्त्याच्या नावावरून प्रोसेस शोधणारी जुनी तपासणी इथे काहीच न सापडता परत येते. सर्वांत मोठा फरक सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये आहे. तिच्यात 'प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट', 'प्रायव्हेटटेम्प=येस', 'नोन्यूप्रिव्हिलेजेस=ट्रू' आणि १०२४ खालचे पोर्ट उघडता यावेत म्हणून 'कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस' ही अँबियंट केपॅबिलिटी (रूट न होता मिळणारा विशेष अधिकार), एवढ्या गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात. टॉमकॅटला लिहिण्याची मुभा फक्त वेबअॅप्स, लॉग, कॅश आणि '/ईटीसी/टॉमकॅट९/कॅटलिना' एवढ्याच ठिकाणी उरते, शिवाय त्याची स्वतःची खासगी '/टेम्प'. पॅकेजसोबतच्या 'रीडमी.डेबियन' फाइलमध्ये हे स्पष्ट नोंदवलेले आहे. निरीक्षण साधने बसवणाऱ्या प्रत्येकाने ती फाइल आधी वाचावी, कारण पुढची बहुतेक कोडी तिच्या काही ओळींतच सुटतात.

एजंट कुठे सांगायचा

एजंटचा पर्याय 'कॅटलिना_ऑप्ट्स' या चलात लिहायचा असतो. तो '/ईटीसी/डिफॉल्ट/टॉमकॅट९' या फाइलमध्ये लिहिला गेला, सर्व्हर पुन्हा सुरू केला गेला, टॉमकॅट निर्विघ्न चालू झाला आणि एक्सपोर्टरचा पोर्ट मात्र उघडलाच नाही. लॉगमध्ये एकही त्रुटी नव्हती. उलगडा पॅकेजच्या 'टॉमकॅट-स्टार्ट.एसएच' या छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये आहे. ही स्क्रिप्ट डिफॉल्ट फाइल वाचून घेते, पण त्यानंतर फक्त 'जावा_ऑप्ट्स' एक्सपोर्ट करते आणि मग 'कॅटलिना.एसएच' चालवते. 'कॅटलिना_ऑप्ट्स'च्या आधी फाइलमध्ये स्वतः 'एक्सपोर्ट' लिहिले नाही तर ते चल त्या शेलमध्येच राहते आणि पुढच्या स्क्रिप्टपर्यंत पोहोचतच नाही.

यावर 'सगळे जावा_ऑप्ट्समध्येच टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि डेबियनवर तो चालतोही. तरी मी तो देणार नाही. टॉमकॅटची मूळ 'कॅटलिना.एसएच' ही स्क्रिप्ट 'जावा_ऑप्ट्स' प्रत्येक आज्ञेसाठी वापरते, 'स्टॉप'साठीसुद्धा; 'कॅटलिना_ऑप्ट्स' मात्र सर्व्हर चालू करतानाच वापरते. जिथे सर्व्हर थांबवण्यासाठी दुसरा जावा प्रोसेस सुरू होतो, तिथे त्या तात्पुरत्या प्रोसेसमध्येही एजंट जागा होतो, आधीच व्यापलेला पोर्ट मागतो आणि कोसळतो. परिणामी थांबण्याचा निरोप मूळ सर्व्हरला मिळतच नाही. डेबियनच्या युनिटमध्ये 'एक्झेकस्टॉप' नाही. सिस्टिमडी थेट सिगटर्म हा थांबण्याचा सिग्नल पाठवते आणि १४३ हा निर्गमन-संकेत यशस्वी मानते, त्यामुळे ही अडचण तिथे दिसत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ च्या टॉमकॅट युनिटमध्ये मात्र थांबवण्याची वेगळी आज्ञा होती आणि तीच ओळ तिथे नेणाऱ्यांना हा फटका बसत असे. एका वितरणात निभावून गेलेली सवय दुसऱ्या वितरणात अंगाशी येते ती अशी.

दुसरा मार्ग '/यूएसआर/शेअर/टॉमकॅट९/बिन' मध्ये 'सेटएन्व्ह.एसएच' ठेवण्याचा. तो चालतो, पण ती डिरेक्टरी पॅकेज व्यवस्थापकाची आहे. तिथे हाताने ठेवलेली फाइल कोणत्याच पॅकेजच्या यादीत नसते, '/ईटीसी' च्या बॅकअपमध्ये येत नाही आणि पुढील आवृत्तीची डिरेक्टरी वेगळ्या नावाने आली की मागेच राहते. अखेरीस जोडणी सिस्टिमडीच्या ड्रॉप-इनमध्ये, म्हणजे '/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/टॉमकॅट९.सर्व्हिस.डी' या डिरेक्टरीतील एका छोट्या कॉन्फ फाइलमध्ये, 'एन्व्हायरनमेंट' ओळीने 'कॅटलिना_ऑप्ट्स' देऊन करण्यात आली. इथे एक बारकावा आहे. याच पद्धतीने 'जावा_ऑप्ट्स' दिले असते तर ते वाया गेले असते, कारण डिफॉल्ट फाइल त्या चलाला नवे मूल्य देऊन आधीचे पुसून टाकते. 'कॅटलिना_ऑप्ट्स'ला ती हात लावत नाही, म्हणून ते शाबूत पोहोचते. पडताळणी 'सिस्टिमसीटीएल शो' वर सोडू नये. चालू प्रोसेसच्या '/प्रॉक' मधील 'सीएमडीलाइन' मध्ये 'जावाएजंट' हा शब्द दिसतो का, हेच पाहावे.

एजंटची जार फाइल '/यूएसआर/लोकल' खाली, मालक रूट आणि वाचण्याचा हक्क सर्वांना, अशी ठेवली. स्ट्रिक्ट संरक्षणात वाचण्याला आडकाठी नसते. तरी जावाएजंट हा सर्व्हरच्या पोटात शिरणारा घटक आहे आणि तो बिघडला तर सर्व्हरही उठत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. त्याच्या बिघाडाचे दोन प्रकार युनिटच्या 'रीस्टार्ट=ऑन-अबॉर्ट' या ओळीमुळे अगदी वेगळे दिसतात. जार फाइलच सापडली नाही तर जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र, १ या संकेताने बाहेर पडते आणि सिस्टिमडी तिला पुन्हा उठवत नाही. जार सापडली, पण व्यापलेल्या पोर्टमुळे किंवा एजंटच्या नियमांच्या चुकीच्या यामल फाइलमुळे एजंटचा आरंभ फसला, तर जेव्हीएम सिगअबर्टने मरते. तो सिग्नल पाहून सिस्टिमडी ताबडतोब पुन्हा प्रयत्न करते आणि थोड्याच सेकंदांत वारंवारतेची मर्यादा गाठून हात टेकते. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगमध्ये, शेवटी 'फार लवकर पुन्हा सुरू करण्याची विनंती' अशा अर्थाची ओळ उरते आणि खरे कारण बरेच वर असते. वर सरकत जाऊन पहिला प्रयत्न वाचला तरच ते हाती लागते.

दूरस्थ जेएमएक्स, म्हणजे जावाचे आकडे दुसऱ्या यंत्रावरून वाचण्याची जावाची स्वतःची सोय, का वापरला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. हा जेएमएक्स आरएमआय या जावाच्या दूरसंवाद-पद्धतीवर चालतो, वेगळा सांगितला नाही तर दुसरा पोर्ट यदृच्छेने निवडतो आणि फायरवॉलमध्ये त्याची सोय करता करता प्रशासक शेवटी सगळेच उघडे टाकतो. टॉमकॅटने यासाठी दिलेला 'जेएमएक्स रिमोट लाइफसायकल लिसनर' सीव्हीई-२०१६-८७३५ या दूरस्थ कोड-अंमलबजावणीच्या त्रुटीत सापडला होता. याउलट जेएमएक्स एक्सपोर्टरचा एजंट फक्त वाचनापुरता एचटीटीपी पत्ता देतो आणि पोर्टच्या आधी आयपी पत्ता लिहिला तर तेवढ्याच इंटरफेसवर ऐकतो. इथे तो फक्त अंतर्गत जाळ्याच्या पत्त्यावर बांधला गेला.

आकडे आले, पण अर्धेच

एजंट चालू झाल्यावर जेव्हीएमचे आकडे, म्हणजे हीप, गार्बेज कलेक्शन, थ्रेडसंख्या, व्यवस्थित येऊ लागले. टॉमकॅटचे स्वतःचे आकडे मात्र गायब होते. ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो 'करंटथ्रेड्सबिझी', म्हणजे कनेक्टरचे किती थ्रेड कामात गुंतले आहेत हा आकडा, हाती येत नव्हता. डीफॉल्टने कमाल २०० थ्रेड असतात. प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी ते भरत आले की अर्ज अडकू लागतात. म्हणून हा एक आकडा बाकी डॅशबोर्डपेक्षा मोलाचा आहे.

सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असल्याने 'सर्व्हर.एक्सएमएल' मध्ये कनेक्टरला १२७.०.०.१ हा पत्ता दिलेला होता, आणि तो योग्यच होता. परंतु पत्ता दिला की टॉमकॅट त्या कनेक्टरच्या एमबीनच्या (जेएमएक्समधून आकडे देणाऱ्या घटकाच्या) नावातही तो घालतो. 'एचटीटीपी-एनआयओ-८०८०' च्या जागी नाव 'एचटीटीपी-एनआयओ-१२७.०.०.१-८०८०' असे होते. एक्सपोर्टरसोबत मिळणाऱ्या टॉमकॅटच्या नमुना-नियमांतील रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ओळखण्याचा साचा) दोन शब्द, मधे डॅश आणि शेवटी पोर्टचा क्रमांक एवढेच ओळखते. ठिपके असलेला मधला पत्ता तिच्यात बसत नाही. जो एमबीन कोणत्याच नियमात बसत नाही तो एक्सपोर्टर मुकाट्याने वगळतो. नियमात पत्त्यासाठी ऐच्छिक भाग घालताच थ्रेड, विनंत्या आणि त्रुटी यांचे सगळे आकडे आले. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत असते आणि ती चिन्हे नावाचाच भाग असतात, हेही नियम लिहिताना पाहावे लागते.

हीप डंपचा शोध

या प्रकरणातील सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीप डंपची. प्रवेशाच्या गर्दीत एकदा मेमरी संपली, सर्व्हर पुन्हा सुरू करण्यात आला आणि नंतर कारण शोधायला गेल्यावर डंप कुठेच नव्हता. जुन्या पत्त्यानुसार तो '/टेम्प' मध्ये अपेक्षित होता. तो तिथे लिहिला गेलाही होता, पण टॉमकॅटच्या दृष्टीने जी '/टेम्प' आहे ती 'प्रायव्हेटटेम्प'मुळे प्रत्यक्षात 'सिस्टिमडी-प्रायव्हेट' ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या एका डिरेक्टरीत असते आणि सेवा थांबताच सिस्टिमडी तिच्यातील सर्व फाइलींसह ती काढून टाकते. पुन्हा सुरू करण्याच्या आज्ञेतच पुरावा नष्ट झाला. डंपचा पत्ता मुळीच दिला नसता तरी निभाव लागला नसता: तेव्हा जेव्हीएम चालू डिरेक्टरीत, म्हणजे '/व्हार/लिब/टॉमकॅट९' मध्ये डंप लिहू पाहते आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असे उत्तर मिळवते.

उपाय ड्रॉप-इनमध्येच 'रीडराइटपाथ्स' या ओळीने डंपसाठी स्वतंत्र डिरेक्टरी उघडून देणे हा आहे. ही यादी वाढत जाणारी असल्याने पॅकेजच्या मूळ ओळींना धक्का लागत नाही. अट एवढीच, की ती डिरेक्टरी आधी अस्तित्वात हवी. नसली तर सेवा २२६/नेमस्पेस या संकेतासह सुरूच होत नाही आणि हा संकेत प्रथम पाहणाऱ्याला जावाशी संबंधित वाटतही नाही. म्हणून डिरेक्टरी 'टीएमपीफाइल्स.डी' मधील एका ओळीने, मालक टॉमकॅट आणि हक्क ०७०० असे सांगून, प्रत्येक बूटच्या वेळी तयार होईल अशी व्यवस्था केली. त्याच ओळीत सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसण्याची मुदतही दिली. ही मुदत केवळ जागेसाठी नाही. हीप डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेले अर्जदारांचे नाव, पत्ता, भ्रमणध्वनी असे सगळे उघड्या स्वरूपात असते आणि ते लागेल त्याहून जास्त काळ डिस्कवर राहू नये.

'जेसीएमडी' या जावाच्या साधनाने चालू सर्व्हरचा थ्रेड डंप (कोणता थ्रेड काय करत आहे याची नोंद) काढतानाही याच कुंपणाची गाठ पडली. डेबियन ओपनजेडीकेचे तुकडे करते. टॉमकॅटला पुरणाऱ्या 'जेआरई-हेडलेस' मध्ये हे साधन नसते, ते 'जेडीके-हेडलेस' मधून घ्यावे लागते. घेतल्यावरही 'टॉमकॅट' वापरकर्त्याच्या नावाने चालवलेली आज्ञा जोडली जाईना. खासगी '/टेम्प' ओलांडण्यासाठी हे साधन '/प्रॉक' मधील त्या प्रोसेसच्या 'रूट' मधून आत पाहते. समोरच्या प्रोसेसकडे जी केपॅबिलिटी आहे ती पाहणाऱ्याकडे नसेल तर, वापरकर्ता तोच असूनही, कर्नल ही वाट बंद ठेवतो. टॉमकॅटकडे 'कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस' होती आणि जेसीएमडीकडे नव्हती. पुढे एनजिनएक्स असल्याने टॉमकॅटला ८० किंवा ४४३ पोर्टची गरजच नव्हती. ड्रॉप-इनमध्ये 'अँबियंटकेपॅबिलिटीज' ही ओळ रिकामी ठेवून ती काढून घेतली आणि अडसर दूर झाला. निरीक्षणासाठी केलेल्या बदलाने सर्व्हरचा एक नको असलेला अधिकारही कमी झाला, हे मला या प्रकरणातले विशेष समाधानाचे वाटते. बहुतेक वेळा अशा अडचणीवर कोणीतरी 'प्रोटेक्टसिस्टिम'च बंद करून टाकतो. तसे कधीही करू नये. हे कुंपण अर्जदारांच्या माहितीच्या रक्षणासाठी आहे आणि निरीक्षणाला हवी तेवढीच फट त्यात पाडता येते.

डेबियन १२ आणि मूक इशारे

जून २०२३ मध्ये डेबियन १२ आले. त्यात टॉमकॅट ९ चा सर्व्हर नाही, फक्त लायब्ररीचे पॅकेज आहे; सर्व्हर हवा तर 'टॉमकॅट१०'. प्रणालीसाठी नवे यंत्र उभारले गेले. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेटची पॅकेज-नावे 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' झाल्यामुळे वॉर फाइल, म्हणजे प्रणालीचा एकत्र बांधलेला गठ्ठा, अपाचेच्या स्थलांतर-साधनातून काढून घेतली, आणि ते काम सुरळीत झाले. सर्व्हलेट फिल्टर म्हणून बसणारी किंवा स्वतंत्र वॉर म्हणून चालणारी निरीक्षण साधने या बदलात अडकतात. एमबीन वाचणारा एजंट मात्र अडकत नाही, कारण 'जावाएक्स.मॅनेजमेंट' ही जावा एसईची बाब असून तिचे नाव बदललेले नाही.

बिघाड दुसरीकडे होता. ड्रॉप-इन जुन्या युनिटच्या नावाने होता. 'टॉमकॅट१०.सर्व्हिस'साठी 'टॉमकॅट९.सर्व्हिस.डी' ही डिरेक्टरी अर्थशून्य असते आणि सिस्टिमडी त्याबद्दल तक्रारही करत नाही. एजंट चढला नाही. लॉग तपासणीही थांबली: डेबियनमध्ये 'कॅटलिना.आउट' टॉमकॅट स्वतः लिहीत नाही, जर्नलकडे गेलेल्या ओळी आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा प्रोग्राम त्या फाइलमध्ये उतरवतो, आणि डेबियन १२ च्या नव्या यंत्रावर आरसिसलॉग आपोआप बसत नाही. तपासणीचा प्लगइन फाइल नसणे म्हणजे त्रुटी नसणे असे मानत होता. प्रोमिथियसचा 'बिझी थ्रेड १८० पेक्षा जास्त' हा नियमही गप्प राहिला, कारण जो आकडाच येत नाही तो कोणत्याही मर्यादेपेक्षा जास्त नसतो. रिकाम्या उत्तरावर इशारा वाजत नाही. प्रणाली उत्तम चालू होती, म्हणून कोणाच्या लक्षातही आले नाही. तासाभराचा सपाट आलेख पाहून एका सहकाऱ्याने विचारणा केली तेव्हा हे उघड झाले.

लॉग तपासणी त्यानंतर फाइलऐवजी जर्नलमधून, युनिटच्या नावाने वाचू लागली. प्रोमिथियसमध्ये 'अप' (एजंटकडून उत्तर मिळते का हे सांगणारा आकडा) शून्य असल्यास एक आणि बिझी थ्रेडचा आकडाच अनुपस्थित असल्यास 'अॅबसेंट' या फंक्शनवर आधारित दुसरा, असे दोन नियम जोडले गेले. दुसरा नियम आवश्यक आहे, कारण वर सांगितलेल्या नावाच्या घोळात एजंट जिवंत असतो, 'अप' एक असते आणि तरी हवा तो आकडा येत नाही.

याहून महत्त्वाचा बदल जोडणीच्या बांधणीत झाला. ड्रॉप-इन, यामल नियम, 'टीएमपीफाइल्स.डी' ची ओळ आणि एजंटची जार या चारही गोष्टी संस्थेच्या अंतर्गत रिपॉझिटरीतील एका लहान डेब पॅकेजमध्ये घातल्या गेल्या आणि त्याच्या 'डिपेंड्स' ओळीत 'टॉमकॅट१०' हे नाव लिहिले गेले. आता पुढच्या डेबियनवर सर्व्हरच्या पॅकेजचे नाव बदलले, तर हे पॅकेज बसायलाच नकार देईल आणि एप्ट कारणासह तसे सांगेल. फेडोरा-रेड हॅटच्या बाजूला हीच बांधणी आरपीएम या तिथल्या पॅकेज-प्रकारात करता येते. तिथे 'कॅटलिना_ऑप्ट्स'साठी '/ईटीसी/टॉमकॅट/कॉन्फ.डी' ही तयार जागा आहे, मात्र एजंटच्या पोर्टसाठी एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचे धोरण स्वतंत्रपणे तपासावे लागते.

एक काम अजून बाकी आहे. एजंटची जार डेबच्या आत असली तरी तिची नवी आवृत्ती आणणे हाताचेच आहे. टॉमकॅटसाठी टारबॉल सोडताना जे कारण होते तेच तिलाही लागू पडते, म्हणून तिच्या प्रकाशनांवर लक्ष ठेवून डेब आपोआप बांधण्याची व्यवस्था संस्थेच्या पुढील कामांच्या यादीत घातलेली आहे.